फिलाडेल्फिया गुणसूत्र
मानवी पेशीतील ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांची टोके तुटून त्यांची अदलाबदल झाली, की २२ वे गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड होते. या आखूड गुणसूत्राला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर ज्याला ‘सीएमएल’ म्हणतात त्या रक्ताच्या कर्करोगाचे ते मूळ कारण आहे. या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. उरलेल्यांपैकी बहुतेकांत अदलाबदल झालेली असते, पण ती जनुकीय तपासणीतच सापडते. प्रौढांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगातही सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत ते आढळते.

हा दोष जन्मजात नसतो. तो अस्थिमज्जेतील एका मूळपेशीत आयुष्यात केव्हातरी घडतो आणि तिच्या वंशातील पेशींपुरताच राहतो. आईवडिलांकडून तो येत नाही आणि मुलांकडे जात नाही. त्यामुळे घरात कोणाला सीएमएल आहे म्हणून सोयरीक मोडणे हा निव्वळ अन्याय आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

१९६० साली फिलाडेल्फिया शहरातील पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी हे आखूड गुणसूत्र प्रथम नोंदवले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे निश्चित होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. तुकडा हरवला असावा, असाच समज पुढे बरीच वर्षे होता. शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून, जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा २२ व्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा ९ व्याच्या टोकाला चिकटलेला त्यांना दिसला. १९७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. गुणसूत्रांतील बदल हा कर्करोगाचा परिणाम नसून त्याचे कारण असू शकतो, हा विचार रुजण्यात या शोधाचा वाटा फार मोठा आहे.

अदलाबदलीत ९ व्या गुणसूत्रावरील एबीएल जनुक २२ व्यावरील बीसीआर जनुकाला येऊन जुळते. एबीएलपासून बनणारे प्रथिन हे टायरोसिन कायनेज प्रकारचे विकर (एन्झाइम) असून पेशीला विभाजनाचा इशारा देण्यात त्याचा भाग असतो. एरवी ते गरजेपुरतेच काम करते. जोडजनुकापासून बनलेले प्रथिन मात्र चावी बिघडलेल्या नळासारखे अखंड चालू राहते. पांढऱ्या पेशी वाढत जातात, प्लीहा सुजून पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा येतो, आणि उपचार न झाल्यास काही वर्षांत आजार तीव्र रूप घेतो.

निदानासाठी कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. तिच्यातील पेशी वाढवून, ऐन विभाजनात रसायनाने थांबवून, काचपट्टीवर पसरून रंगवतात आणि साधारणपणे २० पेशींतील गुणसूत्रे एकेक करून तपासतात. ‘फिश’ तपासणीत दोन जनुकांना लाल आणि हिरवा असे चमकणारे रंग देतात. जेथे दोन्ही जुळतात तेथे पिवळा ठिपका उमटतो. सर्वांत सूक्ष्म तपासणी पीसीआरची, म्हणजे जनुकाच्या थोड्याशा प्रतीही वाढवून मोजणारी. ती साध्या रक्तावर होते आणि जोडजनुकाचे प्रमाण टक्क्यांत सांगते. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत आणि पुढे ०.१ टक्क्यापर्यंत उतरावे, अशी अपेक्षा असते.

उपचारांतली क्रांती इमॅटिनिब या गोळीने घडवली. निकोलस लायडन यांच्या स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातील औषधसंशोधनातून आणि ओरेगॉनचे डॉक्टर ब्रायन ड्रकर यांच्या चिकाटीतून १९९८ मध्ये त्याच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. पहिल्याच चाचणीत ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा घेतलेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध विकराच्या ऊर्जा घेण्याच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचे काम थांबवते. नेहमीची मात्रा दिवसाला ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत आणि पेलाभर पाण्याबरोबर. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पायांत गोळे येणे हे त्रास होतात. गरोदरपणात ते टाळावे लागते.

भारतात या गोळीच्या किमतीला वेगळे महत्त्व आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या, म्हणजे परिणामकारकता वाढल्याशिवाय माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट न देण्याच्या तरतुदीच्या, आधारे हे औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली, त्यामुळे देशी कंपन्यांची स्वस्त इमॅटिनिब बाजारात राहिली. रोज घ्यायच्या औषधाच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक ठरते, कारण गोळ्या चुकत गेल्या की जोडजनुकाचे प्रमाण हवे तितके उतरत नाही.

काही रुग्णांत विकराच्या रचनेतच बदल होऊन औषध लागू पडेनासे होते. तेव्हा डॅसाटिनिब किंवा निलोटिनिब देतात. मात्र विकराच्या साखळीत ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन हे दुसरे अमिनो आम्ल आले असल्यास तीही निरुपयोगी ठरतात आणि पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिबकडे वळावे लागते. म्हणून औषध बदलण्यापूर्वी हा बदल कोणता, हे तपासून घेणे आवश्यक असते. याउलट, ज्यांच्या रक्तात जोडजनुक दीर्घकाळ सापडतच नाही अशा निवडक रुग्णांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध बंद करून पाहता येते. त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास रुग्णांना ते पुन्हा लागत नाही. बाकीच्यांत, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच, पीसीआरमध्ये जोडजनुक परत दिसू लागते, आणि गोळी पुन्हा सुरू करताच जवळजवळ सर्वांत ते पूर्वीच्या पातळीला उतरते.