मेडिकल रोलप्लेचं किट आणि त्याचा प्रवास

मेडिकल रोलप्ले (बोलताना मेडिकल प्ले) म्हणजे सज्ञान माणसांनी एकमेकांच्या संमतीने खेळायचा डॉक्टर-पेशंटचा खेळ. त्यासाठी लागणारं सामान म्हणजे किट: स्टेथो, बीपीचं मशीन, ग्लोव्ह्ज, टॉर्च, पांढरा कोट, कुणाकडे स्टीलचं स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत तपासायचं बिजागरीचं उपकरण).

बॅग भरायच्या आधी बोलणं होतं आणि माझ्या मते तयारीतला तोच सगळ्यात मोठा भाग. काय चालेल, काय अजिबात नाही, थांबायचा शब्द कोणता, लॅटेक्सची (ग्लोव्ह्जमधल्या नैसर्गिक रबराची) अ‍ॅलर्जी आहे का, औषधं कुठली चालू आहेत, पेसमेकर आहे का, कारण असेल तर टेन्स मशीनसारखं (कातडीवर चिकटवून हलके विजेचे झटके देणारं यंत्र) करंट देणारं काहीही बॅगेत ठेवायचंच नाही. लॅटेक्सचा प्रश्न असेल तर नायट्राइलचे (लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे) ग्लोव्ह्ज, तेही पावडर नसलेले. पावडरवाल्या ग्लोव्ह्जवर अमेरिकेत 2017 पासून बंदी आहे कारण ती पावडर लॅटेक्सचे कण हवेत पसरवते आणि श्वासावाटे आत जाते.

सामानाची वाटणी एकाच प्रश्नावर होते, वस्तू नुसती कातडीला लागणार की शरीराच्या आत जाणार. स्टेथोला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की पुरतं (70च, कारण त्यातल्या पाण्यामुळे ते लगेच उडून जात नाही आणि जंतूंवर जास्त वेळ काम करतं). आत जाणारं स्टील मात्र आधी साबणाने घासायचं, मग ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) 121 अंशाला दाबाखाली निदान 15 मिनिटं. नुसतं उकळून बऱ्याच जंतूंचा निकाल लागतो पण बीजाणू (काही जंतूंचं कडक कवचातलं, उष्णता सोसणारं रूप) टिकतात, त्यामुळे उकळलेल्या वस्तूला स्टराइल, म्हणजे पूर्ण निर्जंतुक, म्हणू नये. सुई, कॅथेटर (लघवीच्या मार्गात घालायची नळी) हे एकदाच वापरून फेकायचं, आणि प्रशिक्षण नसेल तर किटमध्ये घ्यायचंच नाही, यात मी जराही सूट देणार नाही.

स्पेक्युलम उघडून त्याच्या बिजागरीत बघायचं, जेलचा पांढरट थर तिथेच वाळून बसतो आणि वरून उपकरण चकचकीत दिसतं. तसंच रबरी नळीचं, धुऊन लगेच गुंडाळून पाऊचमध्ये कोंबली की आत पाणी राहतं आणि प्रवासानंतर उघडल्यावर कुबट वास येतो, म्हणून रात्रभर उभी टांगून ठेवायची आणि मगच भरायची.

विमानात धातूचं सामान चेक-इनला दिलेलं बरं. कात्री केबिनमध्ये न्यायचीच असेल तर पातं मधल्या खिळ्यापासून अमेरिकेत 4 इंचांपेक्षा कमी हवं, युरोपात 6 सेंटीमीटरपर्यंत चालतं. जेल आणि लुब्रिकंट हे द्रवातच मोजतात, बऱ्याच विमानतळांवर अजून 100 मिलीची मर्यादा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच, आणि बॅटरीवर चालणारं यंत्र लॉक करून ठेवायचं नाहीतर बॅगेत आपोआप गुरगुरत राहतं. प्रत्येक वस्तू पारदर्शक पाऊचमध्ये वेगळी ठेवली की तपासणारा बाहेरूनच बघतो, उघड्या हाताने चाचपत नाही. विचारलं तर "खासगी वापराच्या वस्तू आहेत" एवढं शांतपणे सांगायचं, मी डॉक्टर आहे असं खोटं कधीच नाही. काही देशांत सेक्स टॉय आणणंच बेकायदेशीर आहे, कस्टम्समध्ये जप्ती होते किंवा त्याहून वाईट, तिथे जाताना किट घरीच ठेवतात.

पोचल्यावर सगळं परत उघडून बघतात, आणि ज्या पाऊचचं सील फुटलंय ते त्या रात्री वापरत नाहीत.