२५२० ही ‘एकमेव’ संख्या नाही

दर २२ डिसेंबरला, गणित दिनी, नागपुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच: ‘१ ते १० सर्वांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०, शोध रामानुजन यांचा.’

भाग जातो, हे खरंय. धरमपेठेत तर्री-पोहे खाताना भाचीनं कागदी रुमालावर करून दाखवलं: सातने भागून ३६०, आठने ३१५, नऊने २८०. पण ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२० ची कोणतीही पट घ्या, भाग जाणारच! २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे आपला शाळेतला लसावि. तो काढायची रीत युक्लिडच्या काळापासूनची, दोन हजार वर्षांहून जुनी.

रामानुजन यांनी १९१५ मध्ये अभ्यास मांडला तो भरपूर विभाजक असलेल्या संख्यांचा. ४८ विभाजकांची २५२० त्यांत बसते, एवढंच. त्यांचं खरं काम इतकं मोठं असताना हे खोटं श्रेय कशाला चिकटवायचं?

१ ते २० साठी सर्वांत लहान हवी? २३,२७,९२,५६०.