स्केलेटन बे : लाटा आणि वारे

नामिबियाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, वॉल्विस बे बंदराला खुल्या समुद्रापासून आडोसा देणाऱ्या वाळूच्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला असलेला सर्फिंगचा किनारा. यास डाँकी बे असेही म्हणतात. ‘स्केलेटन कोस्ट’ म्हणून ओळखला जाणारा किनारपट्टा प्रत्यक्षात येथून बराच उत्तरेस आहे, त्यामुळे हे नाव भूगोलाच्या दृष्टीने सैलच म्हणावे लागेल. 2008 मध्ये कोरी लोपेझ या अमेरिकी सर्फरची येथील चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि ही लाट जगभर माहीत झाली. सर्फरच्या डाव्या हाताला फुटत जाणारी ही लाट अनुकूल दिवशी दीड-दोन किलोमीटर अखंड धावते. 2018 मध्ये हवाईचा कोआ स्मिथ एकाच लाटेवर सुमारे दोन मिनिटे होता.

येथील लाटा येथल्या वाऱ्याने उठत नाहीत, ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. दक्षिण अटलांटिकमध्ये 40 अंश अक्षांशाच्याही दक्षिणेला, विशेषतः मे ते सप्टेंबर या तिकडच्या हिवाळ्यात, मोठी वादळे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा वादळ मागे सोडून लांब, संथ ‘स्वेल’च्या रूपाने ईशान्येकडे येतात. दोन शिखरांमध्ये 16 सेकंदांचे अंतर असलेल्या स्वेलची लांबी खोल समुद्रात सुमारे 400 मीटर असते. लाटांचा असा गट ताशी सुमारे 45 किलोमीटर, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर वाटचाल करतो. म्हणून वादळ नकाशावर दिसल्यापासून लाट किनाऱ्याला लागेपर्यंत दोन-तीन दिवस हाती मिळतात. दूरदेशीचे सर्फर एवढ्याच अवधीत विमान गाठतात.

मात्र स्वेल आला म्हणजे लाट मिळेलच असे नाही. वाळूच्या दांड्याची बाहेरची कड अशा रीतीने वळलेली आहे की नैर्ऋत्येकडून येणारी लाट तिला समोरून न भिडता अतिशय तिरकी घासत जाते. कडेला लागण्यासाठी असे वळताना लाट आपली पुष्कळ उंची गमावते. आखूड कालावधीचा, म्हणजे दोन शिखरांमध्ये कमी सेकंदांचे अंतर असलेला स्वेल तर फारसा वळतच नाही, बाहेरूनच निघून जातो. मोठा आणि दीर्घ कालावधीचा स्वेल जुळून येण्याचे दिवस वर्षातून मोजकेच असतात. लाट केवळ तज्ज्ञांसाठी का, याचे उत्तरही याच तिरकेपणात आहे. 2 मीटर उंचीची लाट साधारण अडीच मीटर पाण्यात फुटते आणि तेथे तिचा स्वतःचा वेग सेकंदाला जेमतेम 5 मीटर असतो. परंतु लाटेचे शिखर आणि फुटण्याचा बिंदू ज्या रेषेने सरकतो ती रेषा यांच्यातील कोन 30 अंश असेल, तर तो बिंदू सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वेगाने पळतो. कोन याहून लहान झाला की वेग आणखी वाढतो. त्यातच तळ एकदम चढता असल्यामुळे लाट पुढे कोलमडून तिची पोकळ नळी बनते. फळीवर उभे राहताना क्षणभर उशीर झाला तरी नळी पुढे निघून जाते.

स्थानिक वाऱ्याचे काम निराळे आहे. दक्षिण अटलांटिकवरील उच्च दाबाच्या प्रदेशामुळे या किनाऱ्यावर बहुतेक काळ दक्षिणेचा वारा असतो आणि दुपारनंतर तो जोर धरतो. इतर बहुतेक किनाऱ्यांवर दुपारचा वारा लाट विस्कटून टाकतो. येथे दांड्याच्या वळणामुळे दक्षिण किंवा आग्नेय दिशेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे, लाटेच्या तोंडावर येतो आणि तिला सावरून धरतो. तो पश्चिमेकडे झुकला की मात्र पृष्ठभाग खडबडीत होतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे हाच वारा पृष्ठभागाचे पाणी डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर लोटतो, त्याच्या जागी तळाचे थंड पाणी वर येते आणि बेंग्वेला प्रवाहाच्या या पट्ट्यात पाण्याचे तापमान बहुधा 12 ते 16 अंश सेल्सिअस राहते. दमट हवा या पाण्यावर निवली की दाट धुके पडते. हिवाळ्यात अधूनमधून वाळवंटातून पूर्वेचा उष्ण वारा सुटतो; तो वाळू उडवत येतो आणि तिचे कण डोळ्यांना व कातडीला झोंबतात.

तिरक्या लाटांमुळे किनाऱ्यालगत उत्तरेकडे जोराचा प्रवाह वाहतो. त्याच्या विरुद्ध हातांनी पाणी कापत परतणे जवळजवळ अशक्य असल्याने सर्फर लाट संपली की किनाऱ्यावर येतो आणि आरंभापर्यंत चालत किंवा चारचाकी वाहनाने जातो. फळीइतकाच मानेचा कणाही येथे धोक्यात असतो, कारण उथळ पाण्याखालची वाळू दगडासारखी घट्ट दबलेली असते. वॉल्विस बे गाव मिठागरांच्या पलीकडे आहे आणि मदत तेथूनच यावी लागते. एकट्याने पाण्यात उतरणे येथे अक्षम्य आहे.

ज्या वाळूवर ही लाट उभी राहते ती मुख्यतः ऑरेंज नदीने समुद्रात आणून टाकलेली, पुढे लाटांनी उत्तरेकडे वाहून आणलेली आणि वाऱ्याने नामिब वाळवंटातून फिरवलेली आहे. लाटा किनाऱ्याला सुमारे 45 अंशांनी भिडतात तेव्हा वाळूचे असे वहन सर्वाधिक होते. कोन त्याहून तिरका झाला की वाळू वाटेत साचू लागते आणि दांडे वाढतात. त्यामुळे कडेचा आकार हंगामागणिक पालटतो आणि फुटण्याची जागा दरवर्षी नव्याने शोधावी लागते.