हाताला लागत नाही, पण अजून पक्का नाही: रंग वाळण्याची पार्श्वभूमी

ऑइलपेंटचा अर्धा डबा महिनाभर पडून राहिला की रंगावर जाड साय धरते. काडीने ती बाजूला सारली की खाली रंग ओलाच असतो. झाकण नीट बसलेलं नसतं, हवा आत शिरते आणि तिच्यातला ऑक्सिजन तेलाशी जोडला जातो. त्याची ही साय. ओला कपडा वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. जवसाचं तेल मात्र वाळताना बाहेरून ऑक्सिजन घेतं, त्यामुळे त्याचं वजन चक्क वाढतं. दोन्हींना आपण ‘वाळणं’च म्हणतो, आणि रंगकामातला बराच घोळ या एका शब्दापासून सुरू होतो.

तेलाचा हा गुण माणसाला फार पूर्वीच कळला होता. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या लेण्यांत सातव्या शतकाच्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. त्यांतल्या काहींमध्ये वाळणारं तेल सापडल्याचं २००८ साली जाहीर झालं. तैलरंग पंधराव्या शतकात फ्लेमिश चित्रकार यान व्हॅन आइकने शोधून काढले, हे अजूनही सांगितलं जातं; ते खरं नाही. त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, थिऑफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका मठवासी कारागिराने जवसाच्या तेलात रंग खलण्याची कृती लिहून ठेवली. त्यात त्याची तक्रारही आहे: एक रंग वाळल्याशिवाय त्यावर दुसरा देता येत नाही, आणि चित्रांच्या कामात हे फार वेळखाऊ आणि कंटाळवाणं होतं. घाई असेल तर तेलाऐवजी चेरीच्या किंवा प्लमच्या झाडाचा डिंक घ्या, असं तो सुचवतो. पुढचा बराचसा इतिहास म्हणजे या तक्रारीवर शोधलेले उपाय आहेत.

पहिला उपाय शिशाचा. तेल मुरदाडशिंगासोबत, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडसोबत, तापवलं की ते लवकर वाळतं. अंबर (umber) या तपकिरी मातीचा रंग लवकर वाळतो आणि काजळीचा काळा मागे रेंगाळतो, हेही चित्रकारांना अनुभवाने ठाऊक होतं. अंबरमधलं मँगनीज हे काम करतं, हा उलगडा पुढे झाला. एकोणिसाव्या शतकात मँगनीज आणि कोबाल्टचे क्षार ‘ड्रायर’ म्हणून वापरात आले. कोबाल्टचा जोर वरच्या थरावर असतो. म्हणून जाड हात दिला की वर कातडी धरते, खाली रंग ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. दोन पातळ हात द्या, हा जुन्या रंगाऱ्यांचा सल्ला त्यातूनच आलेला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑक्सिजन घेताना तेल उष्णता सोडतं. भिंतीवर ती विरून जाते, पण जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती आतच साठते आणि ठिणगी नसतानाही बोळा पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

वाळणं म्हणजे ओल जाणं, या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का देतो तो पूर्व आशियातला उरुशी, झाडाच्या चिकापासून केलेला लॅकर. तो कोरड्या हवेत नीट पक्का होतच नाही. त्याला दमट, उबदार कपाटात ठेवावं लागतं, साधारण सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रतेत, कारण त्यातलं लॅकेज हे विकर (एन्झाइम) तशा ओलाव्यात काम करतं. याउलट लाखेचं पॉलिश: त्यातलं स्पिरिट उडालं की काम संपलं. म्हणूनच वाळलेल्या लाखेवर पुन्हा स्पिरिट सांडलं की ती विरघळते.

विसाव्या शतकात घाईला कारण मिळालं ते मोटारींचं. तेलाच्या व्हार्निशचे एकावर एक हात देऊन गाडी तयार व्हायला काही आठवडे लागत. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या धाग्यांवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेला पदार्थ, द्रावणातून झटपट वाळतो हे माहीत होतं. पण फवारता येईल इतकं पातळ केलं की द्रावणात घन पदार्थ फारसा उरत नसे. ड्यूपाँ कंपनीने ही अडचण सोडवली आणि १९२३ साली ‘ड्युको’ बाजारात आलं. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. मात्र ड्युकोही लाखेसारखंच फक्त द्रावक उडून वाळतं, थिनर लागला की पुन्हा मऊ होतं. तेल आणि कृत्रिम रेझिन यांची सांगड घालणारे अल्किड रंग १९२०च्या दशकाअखेरीस आले; आजचे बहुतेक साधे इनॅमल त्याच घराण्यातले.

भिंतींचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर सुटला. जवसाच्या तेलाची टंचाई होती, कृत्रिम रबराचं तंत्र हाताशी होतं, आणि १९४८ साली अमेरिकेत ग्लिडन कंपनीने लॅटेक्सचा पाण्यातला रंग विकायला काढला. यात पाणी उडतं आणि पॉलिमरचे, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून एकसंध पापुद्रा होतो. तासाभरात हात लावता येतो. पण कण पूर्ण मिसळून जायला दोन ते चार आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. फारच गार असेल तर ते जुळतच नाहीत आणि रंग भुकटीसारखा सुटतो.

डब्यावर ठळक छापलेले ‘दुसरा हात चार तासांनी’ हे शब्द मी एकदा ‘वापरायला तयार’ असे वाचले. पुस्तकांच्या फळीला पाण्याचा रंग दिला, दुसऱ्या दिवशी बोट फिरवून पाहिलं, कोरडी लागली. पुस्तकं मांडली. तीन आठवड्यांनी एक उचललं तर मुखपृष्ठाचा तुकडा फळीवरच राहिला. आता मी फळीच्या मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, नख दाबून पाहतो. वळ उठला की पुस्तकं अजून खोक्यातच राहतात.