मासा, माशी आणि हलुदारिया

मागच्या रविवारी भाच्याला घेऊन ॲक्वेरियमच्या दुकानात गेलेलो, तिथे एका टाकीत बोटभर लांबीचे लालसर मासे पळत होते, अंगावर उभे काळे पट्टे, आणि काचेवर चिठ्ठी ‘मेलन बार्ब’. भाचा म्हणाला मामा याचं खरं नाव काय? आता मला हे माहीत होतं म्हणून मी भाव खाऊन घेतला: हलुदारिया फॅसियाटा. दुकानदार म्हणाला, साहेब आम्ही तर पुंटियस म्हणतो. तोही चुकला नव्हता म्हणा, फक्त जरा जुना होता.

फॅसियाटा सोपं आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पट्टेवाला. गंमत सगळी हलुदारियात आहे. हलुदार हा मासा नाही, गाव नाही, नदी पण नाही, तो माणूस होता. साधारण १८०० च्या आसपास बंगालमध्ये चित्रं काढणारा तरुण. कंपनी सरकारच्या नोकरीत फ्रान्सिस बुकानन नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता (पुढे आईकडच्या इस्टेटीमुळे तो हॅमिल्टन झाला, म्हणून पुस्तकांत दोन्ही नावं सापडतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो), त्याच्यासाठी हलुदार प्राण्यांची आणि गंगेतल्या माशांची चित्रं काढायचा. फोटो नव्हता, मासा पाण्याबाहेर काढला की रंग उडायला लागतो, त्यामुळे खवले, पर, मिशा पटापट आणि बरोब्बर कागदावर उतरवणारा हात नसेल तर शास्त्रज्ञाचं वर्णन अर्धवटच राहणार. माझ्या अंदाजाने हलुदार म्हणजे आपण ज्याला हालदार म्हणतो तेच बंगाली आडनाव असावं, साहेबाच्या स्पेलिंगमध्ये अडकलेलं.

हॅमिल्टनचं गंगेतल्या माशांवरचं पुस्तक १८२२ मध्ये आलं. रोहूच्या शास्त्रीय नावातलं रोहिता, हिलशातलं इलिशा, कतला, एवढंच काय आपल्या बोंबलाच्या हार्पाडॉन नेहेरियसमधलं नेहेरियस, ही सगळी त्यानेच दिलेली नावं. कोळ्यांच्या तोंडची नावं उचलून त्याने सरळ लॅटिनच्या रांगेत बसवली, हे मला फार आवडतं. पण चित्रकाराचं नाव कुठल्याच माशाला नव्हतं.

मग ते लागलं कसं? तर एका माशीमुळे!

झालं असं की पुंटियस या एकाच नावाखाली भारत-श्रीलंकेतले ढीगभर छोटे मासे कोंबलेले होते. २०१२ मध्ये श्रीलंकेचे मत्स्यअभ्यासक रोहन पेथियागोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडं आणि डीएनए बघून हा ढीग वेगळा केला. एका गटाला नाव दिलं पेथिया (पेथियागोडांनी स्वतःचं नाव लावलं असं वाटतं ना, पण नाही, सिंहलीत अशा छोट्या माशांना पेथियाच म्हणतात), दुसऱ्याला डॉकिन्सिया, रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञावरून. आणि दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत राहणाऱ्या या पट्टेवाल्यांच्या गटाला द्रविडिया. छान नाव होतं. पण नंतर लक्षात आलं की द्रविडिया हे नाव दोनच वर्षं आधी, २०१० मध्ये, एका माशीला देऊन झालंय. आणि नियम कडक आहे, प्राण्यांमध्ये दोन प्रजातींना (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) एकच नाव चालत नाही, जो आधी आला त्याचं नाव. वनस्पतींचं खातं वेगळं, त्यामुळे आपल्या वड-पिंपळाची प्रजाती फायकस आणि समुद्रातल्या एका शंखाची प्रजाती पण फायकस, तिथे कोणाचं भांडण नाही. मासा आणि माशी मात्र एकाच खात्यातले, सो माशी जिंकली. २०१३ मध्ये पेथियागोडांनी बदली नाव दिलं, हलुदारिया.

आता ‘इया’ शेपूट बघा. माणसाच्या नावाला ते लावलं की प्रजातीचं नाव तयार होतं, डेलियाचं फूल पण असंच, डाल नावाच्या स्वीडिश माणसावरून आलंय. पण लॅटिनमध्ये हे शेपूट स्त्रीलिंगी! म्हणजे हलुदार बाप्या असला तरी हलुदारिया बाई, आणि बाईबरोबर विशेषण पण बदलतं, काळा कुत्रा पण काळी मांजर तसं. म्हणून पुंटियस होता तोपर्यंत फॅसियाटस, आणि हलुदारिया झाल्यावर फॅसियाटा. पूर्ण नाव लिहिताना शेवटी कंसात (जर्डन, १८४९) असतं. हा कंस उगाच नाही. जर्डन या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने जातीचं नाव (म्हणजे दुसरा शब्द) दिलं तेव्हा हा मासा तिसऱ्याच प्रजातीत होता, सिऱ्हायनसमध्ये, पुढे घर बदललं, एवढं तो कंस सांगतो. घर बदललं नसतं तर जर्डन कंसाबाहेर असता.

हलुदारने हा मासा बघितला असण्याची शक्यता मात्र कमीच, तो बंगालचा, मासा पार खाली दक्षिणेचा. भाच्याला हे सगळं सांगून झालं तेव्हा तो टाकीला नाक लावून बसलेला, म्हणाला मामा पट्टे तीन आहेत का चार? मग आम्ही मोजत बसलो, आणि ते मासे काही केल्या स्थिर राहीनात.