टोटल किती क्यूसेक?

पावसाळा लागला की आमच्या बडोद्यात प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन आकडे फिरायला लागतात, काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे आणि आजवा तलावातून किती क्यूसेक पाणी सोडलं. पहिला आकडा सगळ्यांना नीट कळतो. २५ फूट ही धोक्याची पातळी इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना फूट म्हणजे काय ते कोणी समजवायची गरज नव्हती. घोळ असतो तो दुसऱ्या आकड्यात. सकाळी ५ हजार सोडलं, दुपारी ५ हजार, संध्याकाळी परत ५ हजार, की लगेच कोणीतरी बेरीज करून मोकळं होतं, "म्हणजे टोटल १५ हजार क्यूसेक सोडलं!" आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

या बेरजेला चूक म्हणण्यातही अर्थ नाही, कारण तिला मुळात अर्थच नाही. क्यूसेक म्हणजे पाणी नव्हे, पाणी जाण्याचा वेग. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. लाइट बिलात किलोवॉट वेगळे आणि युनिट वेगळे असतात ना, तसंच. गीझर ३ किलोवॉटचा आहे एवढ्यावरून बिल कळत नाही, तो किती वेळ चालू होता ते लागतं. तसं ५ हजार क्यूसेक तासभर सोडलं की दिवसभर, यात चोवीसपटीचा फरक आहे, आणि बातमीत नेमकी तीच गोष्ट नसते.

पुण्याचे काका फोनवर टीएमसीत बोलतात, इतके टीएमसी भरलं, इतके टीएमसी बाकी. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, हे मात्र खरंखुरं पाणी, वेग नव्हे. दोघांचं नातं काढायला फार काही लागत नाही: दिवसात ८६,४०० सेकंद, त्यामुळे ११,५७४ क्यूसेक सलग २४ तास वाहिलं की एक टीएमसी होतं. पण 'सलग' हा शब्दच खोटा आहे. नदी सलग एकाच वेगानं कधी वाहते? पहाटे कमी, वर पावागढकडे झोडपला की काही तासांनी जास्त, मग हळूहळू उतार. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर क्यूसेक घेऊन आलेख काढला तर टेकडीसारखा वक्र येतो, आणि एकूण किती पाणी गेलं याचं उत्तर म्हणजे त्या वक्राखालचं क्षेत्रफळ. बारावीत इंटिग्रेशन म्हणून जे डोक्यावर आदळतं ते हेच. क्यूसेक ही वक्राची उंची आणि टीएमसी हे वक्राखालचं क्षेत्रफळ, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आता बारावीवाले म्हणतील की मग सोपं आहे, सूत्र लावा. इंटिग्रेशन म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे बदलाचा वेग काढण्याच्या, उलट, सब्स्टिट्यूशन करा, बाय पार्ट्स करा, पार्शल फ्रॅक्शन करा, वरची किंमत वजा खालची किंमत. हे उलटं नातं खरं आहे आणि नदीवर ते चटकन दिसतंही: आत्तापर्यंत गेलेलं एकूण पाणी ज्या वेगानं वाढतंय तो वेग म्हणजेच या क्षणाचे क्यूसेक, दुसरं काय असणार? न्यूटन आणि लाइबनित्स यांचं मोठं देणं ते हेच. पण क्लासमध्ये जे चालतं, चारशे गणितं आणि 'दहा सेकंदांत उत्तर'वाल्या ट्रिका, त्यानं पोरांची अशी समजूत होते की प्रत्येक वक्राला सूत्र असतं आणि प्रत्येक सूत्राला उत्तर असतं. दोन्ही खोटं. विश्वामित्री सूत्र घेऊन वाहत नाही, आपल्याला मिळतात ती दर काही तासांची रीडिंग्ज. आणि सूत्र असलं तरी भरवसा नाही, स्टॅटिस्टिक्समधला घंटेच्या आकाराचा वक्र घ्या, त्याचं सूत्र एका ओळीचं आहे पण त्याचं इंटिग्रल नेहमीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही. अजून कोणाला जमलं नाही अशातली ही गोष्ट नाही, ते येणारच नाही हे सिद्ध झालेलं आहे, आणि तशा सिद्धतेची वाट लिउव्हिल या फ्रेंच गणितीनं १८३० च्या दशकात घालून दिली. पुस्तकाच्या मागे तो जो टेबल असतो ना, त्यातले आकडे म्हणूनच मोजून काढावे लागतात.

तर मोजायचं कसं? एक लहानशी नदी धरू, आकडे माझ्या मनचे आहेत. सकाळी ६ ला २ हजार क्यूसेक, ९ ला ६ हजार, १२ ला १४ हजार, दुपारी ३ ला १२ हजार, संध्याकाळी ६ ला ४ हजार. टीव्हीवाला सर्वांत मोठा आकडा धरून १४ हजार गुणिले १२ तास करेल, म्हणजे १ लाख ६८ हजार क्यूसेक-तास (एक क्यूसेक तासभर वाहिलं की जेवढं पाणी जातं तो एक क्यूसेक-तास). भलतंच जास्त. त्यापेक्षा शहाणपणाचं म्हणजे बिंदू सरळ रेषांनी जोडायचे आणि खाली जे समलंब चौकोन होतात त्यांची क्षेत्रफळं मिळवायची, उत्तर येतं १ लाख ५ हजार. वाईट नाही. पण वक्र वाकडा असतो आणि रेषा सरळ, त्यामुळे शिखराच्या वरचा थोडा फुगवटा बाहेर राहतो आणि चढाच्या पायथ्याशी रेषा थोडं जास्तीचं आत घेते.

इथून पुढे माझा लाडका भाग आहे. दुपारी १२, ३ आणि ६ ची तीन रीडिंग्ज घेऊ, १४, १२ आणि ४ हजार. पहिला आणि शेवटचा बिंदू सरळ जोडला तर मधे ३ वाजता ती रेषा ९ हजारांवर असेल, पण प्रत्यक्ष रीडिंग १२ हजार, म्हणजे वक्र रेषेच्या वर ३ हजारांनी फुगलाय. रेषेखालचं क्षेत्रफळ ९ हजार गुणिले ६ तास, ५४ हजार. राहिला फुगवटा. तो पॅराबोलाचा आहे असं धरलं, कारण तीन बिंदूंमधून जाणारा सर्वांत साधा वाकडा आकार तोच, तर त्याचं क्षेत्रफळ किती? हे उत्तर दोन हजार वर्षांहून जुनं आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सिराक्यूजच्या आर्किमिडीजनं ते काढलं.

त्यानं काय केलं, तर फुगवट्याच्या आत एक त्रिकोण बसवला, पाया ती रेषा आणि टोक मधल्या बिंदूवर. दोन्ही बाजूंना दोन छोटे फुगवटे उरले. त्यांत पुन्हा तसेच त्रिकोण. आता पॅराबोलाची गंमत अशी की रुंदी निम्मी केली की फुगवट्याची उंची चौथाई होते, कारण उंची रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. म्हणजे छोटा त्रिकोण अर्धा रुंद आणि पाव उंच, क्षेत्रफळ मोठ्याच्या आठव्या हिश्शाएवढं. असे दोन, म्हणून दोघे मिळून चौथा हिस्सा. पुढच्या फेरीत चार त्रिकोण, मिळून सोळावा हिस्सा. असं करत गेलो की मोठ्या त्रिकोणाची एक अधिक एक चतुर्थांश अधिक एक षोडशांश अशी पट मिळत जाते आणि ही बेरीज चार तृतीयांशावर येऊन टेकते. (पटत नसेल तर सगळ्या बेरजेला ४ नं भागा, पहिला एक सोडून बाकीची तीच बेरीज परत मिळते, म्हणजे बेरीज बरोबर एक अधिक तिचाच चौथा हिस्सा.) त्रिकोण हा फुगवट्याभोवतीच्या चौकटीच्या निम्मा असतो, म्हणून फुगवटा चौकटीच्या बरोबर दोन तृतीयांश. अनंत शब्द त्यानं तोंडातून काढला नाही हेही सांगायला हवं, उत्तर यापेक्षा जास्तही असू शकत नाही आणि कमीही नाही असं दोन्हीकडून कोंडीत पकडून त्यानं ते सिद्ध केलं.

आपल्या नदीची चौकट ६ तास गुणिले ३ हजार, १८ हजार, त्याचे दोन तृतीयांश १२ हजार. ५४ अधिक १२, एकूण ६६ हजार. सकाळच्या तीन रीडिंग्जना वक्र रेषेच्या खाली लोंबतो, त्यामुळे तिथे वजा करायचं: ४८ हजारांतून ८ हजार, राहिले ४० हजार. दिवसाचं उत्तर १ लाख ६ हजार क्यूसेक-तास. तासाचे सेकंद ३,६००, गुणलं की ३८ कोटी १६ लाख घनफूट, म्हणजे सुमारे ०.३८ टीएमसी. टीव्हीवाल्याच्या हिशेबानं हेच ०.६० टीएमसी झालं असतं.

हा सगळा व्याप एका ओळीत मावतो. पहिलं रीडिंग, अधिक मधल्याच्या चौपट, अधिक शेवटचं, गुणिले दोन रीडिंग्जमधल्या वेळेचा तिसरा भाग. आपलं अंतर ३ तास असल्यामुळे तिसरा भाग एकच, म्हणून १४ अधिक ४८ अधिक ४, झाले ६६. इंजिनिअरिंगच्या पोरांना हा सिम्प्सनचा नियम म्हणून पाठ असतो, सर्व्हेइंगमध्ये वेड्यावाकड्या काठाच्या तलावाचं क्षेत्रफळ काढायलाही हाच. पण तो ४ आला कुठून असं विचारलं की शांतता. तो त्या दोन तृतीयांशातून आलाय.

आणि एक फुकटचा फायदा. नियम पॅराबोलासाठी बनवला, म्हणजे फक्त क्ष वर्गापर्यंत. पण क्ष घन असलेल्या वक्रालाही तो तंतोतंत उत्तर देतो. कारण मधल्या बिंदूपासून मोजलं तर क्ष घन डावीकडे जेवढा उणे तेवढाच उजवीकडे अधिक, खरं क्षेत्रफळ शून्य, आणि नियमातही दोन टोकं एकमेकांना खातात आणि मधलं शून्यच असतं. त्यामुळे वक्र गुळगुळीत असेल तर रीडिंग्जमधलं अंतर निम्मं केल्यावर चूक साधारण सोळावा हिस्सा उरते, समलंब चौकोनांत फक्त चौथा. इथे ज्यांना गरगरलं त्यांनी एवढंच घ्यावं की वेळ निम्मी केल्याचा मोबदला भरपूर मिळतो.

नाव सिम्प्सनचं असलं तरी शोध त्याचा नाही. केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं ऑस्ट्रियातल्या लिंझला राहत असताना १६१३ मध्ये दुसरं लग्न केलं, तेव्हा दारूवाला पिंपात तिरकी काठी घालून आतली दारू मोजताना पाहून तो खवळला आणि १६१५ मध्ये त्यानं पिंपांच्या घनफळावर पुस्तकच लिहिलं, जर्मन लोक आजही याला केप्लरचा पिंपाचा नियम म्हणतात. थॉमस सिम्प्सन या इंग्रज गणितीचं पुस्तक १७४३ चं. तो विणकराचा पोरगा, गणित स्वतःच शिकलेला, आणि तरुणपणी चक्क ज्योतिष सांगून पोट भरायचा. असं सांगतात की एका बैठकीत सैतानाचं सोंग आणून एका मुलीला इतकं घाबरवलं गेलं की त्याला गाव सोडावं लागलं. पुढे तो वूलिचच्या लष्करी अकादमीत गणिताचा प्राध्यापक झाला. पूर कोणत्या नक्षत्रात येणार याचे मेसेज जे पुढे ढकलतात त्यांनी या माणसाचा दुसरा धंदा आठवावा. तसंच 'इंटिग्रेशन वेदांतच होतं'वाल्यांनी जरा खरं वाचावं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये गोलाचे पट्टे पाडून पृष्ठफळ काढलं, केरळच्या ज्येष्ठदेवांनी सोळाव्या शतकात घातांच्या बेरजा सिद्धतेसकट मल्याळममध्ये लिहून ठेवल्या. एवढं खणखणीत घरात असताना खोट्या नाण्याची गरज काय?

नियमाला अटी आहेत. रीडिंग्ज सारख्या अंतरानं हवीत आणि विषम संख्येत हवीत, नाहीतर तीन-तीनचे गट पडत नाहीत. ही किरकोळ अट झाली. खरी अडचण दरवाजांची आहे. नदी हळूहळू वाढते, पण धरणाचं गेट उघडलं की वक्राला सरळ पायरी पडते, आणि पायरी म्हणजे पॅराबोला नव्हे. समजा ६ ला १ हजार, ९ ला १ हजार, १२ ला ५ हजार. सिम्प्सन म्हणेल १० हजार क्यूसेक-तास, समलंबवाला म्हणेल १२ हजार. पण गेट ९ वाजून ५ मिनिटांनी उघडलं असेल तर खरं उत्तर जवळपास १८ हजार, आणि ११ वाजून ५५ मिनिटांनी उघडलं असेल तर ६ हजारांच्या थोडं वर. तिन्ही रीडिंग्ज अगदी तीच. अशा वेळी कोणतंही भारी सूत्र लावण्यात हशील नाही, गेट उघडल्याची वेळ विचारायची, वक्र तिथे कापायचा आणि दोन्ही तुकडे वेगळे मोजायचे.