जपानी मजकुरातील चिन्हे : फाइल छपाईला देण्यापूर्वी वाचावे असे काही

आमच्या पुण्यातील छोट्या भाषांतर कार्यालयात भोसरी, चाकण, सुपा इथल्या कारखान्यांची तपासणीपत्रके आणि यंत्रांच्या पुस्तिका येतात, तशीच जपानला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलामुलींची कागदपत्रेही येतात. भाषांतर झाले, तपासले, फाइल ग्राहकाच्या हाती दिली की आमचे काम संपते. पण खरी गडबड बहुतेक वेळा तिथून पुढेच होते. कुणीतरी ती फाइल उघडतो, त्यातला पोकळ गोल बघतो, 'हा टिंब चुकून मोठा पडलाय' असे समजून तिथे साधा पूर्णविराम टाकतो. कुणी आडवी रेघ 'जरा बारीक' करतो. मजकूर एका अक्षरानेही बदललेला नसतो, तरी जपानी वाचणाऱ्याला तो बिघडलेला दिसतो, कधी अर्थच बदलतो. म्हणून हे माहितीपत्रक. जपानी येत नसले तरी ते वाचता येईल, आणि फाइल पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे अशी आमची विनंती आहे.

गोल आणि तिरका थेंब

जपानी वाक्य संपते तिथे 。 हा पोकळ गोल येतो. त्याला 'कुतेन' म्हणतात, बोलताना नुसते 'मारु', म्हणजे गोल. स्वल्पविराम 、 असा, डावीकडून उजवीकडे उतरणारा थेंब; त्याचे नाव 'तोतेन'. दोन्ही चिन्हे एका पूर्ण अक्षराएवढी जागा घेतात. आडव्या लिखाणात ती आपल्या चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, उभ्या लिखाणात वरच्या उजव्या कोपऱ्यात. त्यानंतर दिसणारी मोकळी जागा चिन्हाचीच असते. ती कुणी वेगळी टाकलेली नसते, त्यामुळे काढायलाही जाऊ नये.

जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ओळ सलग चालते. जुन्या जपानी लिखाणात तर ही विरामचिन्हेही सहसा नसत. मोडी कागद पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. तिथेही लेखणी न उचलता ओळ पुढे जाते आणि शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ओळखायचे असते. मराठीला आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यामुळे मिळाली. जपानमध्येही विरामचिन्हांना शिस्त लागली ती मेइजी काळात. १९०६ साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने त्यांच्या वापराच्या नियमांचा मसुदा काढला.

स्वल्पविरामाची एक गोष्ट सरकारी कागद हाताळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. १९५२ पासूनच्या सरकारी सूचनेनुसार आडव्या लिखाणात आपल्यासारखा ， वापरायचा होता. प्रत्यक्षात वर्तमानपत्रांपासून कंपन्यांपर्यंत बहुतेक सगळे 、 हाच वापरत राहिले. अखेर २०२२ च्या जानेवारीत नवी मार्गदर्शिका आली आणि 、 हा मूळ नियम ठरला; आडव्या लिखाणात ， चालेल अशी मुभा मात्र ठेवली. त्यामुळे जुन्या सरकारी कागदात ， दिसला तर तो चूक नाही. एकाच कागदात दोन्ही दिसले तर मात्र आम्हाला जरूर कळवा.

चिन्हे मुद्दाम गाळलेली असतात तेव्हा

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने मायदेशी परतणाऱ्या आपल्या जपानी संचालकांसाठी मानपत्र करून घेतले. मजकूर पाठवला आणि तासाभरात फोन आला, "अहो, यात एकही पूर्णविराम नाही, राहिला का?" राहिला नव्हता. जपानमध्ये मानपत्र, प्रशस्तिपत्र, नववर्षाचे शुभेच्छापत्र, लग्नाची निमंत्रणपत्रिका यांत 。 आणि 、 न घालण्याची रीत आहे. शुभकार्यात 'तोडणारे', 'संपवणारे' चिन्ह नको, अशी एक भावना त्यामागे सांगतात. दुसरे कारण आम्हाला अधिक पटते: विरामचिन्हे ही वाचणाऱ्याच्या मदतीसाठी असतात, आणि ज्याचा मान करायचा त्याला 'तुम्हाला यांच्याशिवाय वाचता येणार नाही' असे सुचवणे बरे दिसत नाही. चिन्हांऐवजी ओळ तोडून किंवा जागा सोडून वाक्ये वेगळी दाखवतात. अशा कागदात कृपया पूर्णविराम भरू नका.

मोबाइलवरच्या संदेशांत तर या गोलाला वेगळाच सूर आला आहे. २०२४ च्या सुरुवातीला जपानी माध्यमांत 'मारुहारा' हा शब्द गाजला. वरिष्ठांच्या छोट्या संदेशाच्या शेवटी 。 आला की तरुणांना तो दटावल्यासारखा वाटतो, अशी ती तक्रार. तुमच्या जपानी सहकाऱ्याचा संदेश गोलाशिवाय संपला तर तो निष्काळजीपणा समजू नये.

कोपऱ्यासारखे कंस

बोललेले वाक्य 「 」 या चिन्हांत येते. त्यांना 'कागिकाक्को' म्हणतात. 'कागी' म्हणजे आकडा, खुंटीचा असतो तसा. अवतरणात आणखी अवतरण आले तर आत 『 』 ही दुहेरी जोडी. आपल्याकडे बाहेर दुहेरी आणि आत एकेरी असते, इथे उलट. पुस्तकाचे नावही 『 』 मध्येच लिहितात. त्यामुळे 'सगळीकडे एकसारखे करा' म्हणून संगणकावर सरसकट बदल केला की पुस्तकांची नावे आणि संवाद एकमेकांत मिसळून जातात. शाळेच्या निबंधात 」 च्या आधी 。 घालतात, वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या तिथे तो घालत नाहीत. आम्ही छापील मजकुरात दुसरी पद्धत पाळतो.

ईमेलच्या विषयात 【 】 हे जाड काळे कंस आले तर आतला शब्द आधी वाचावा. 'महत्त्वाचे', 'तातडीचे', 'उत्तर अपेक्षित' असे शब्द तिथे असतात.

आडवी रेघ ती एकच नाही

सर्वाधिक नुकसान याच चिन्हाने झालेले आम्ही पाहिले आहे. परदेशी शब्द आणि नावे लिहिण्याच्या काताकाना लिपीत ー ही रेघ आधीच्या स्वराला दीर्घ करते. आपल्या दीर्घ वेलांटीचे आणि ऊकाराचे काम ती करते. ती गाळली तर 'बीरु' म्हणजे बिअर, हिचे 'बिरु' होते, म्हणजे इमारत. पाटील या आडनावात ही रेघ दोनदा येते.

तिच्यासारख्या दिसणाऱ्या रेघा पुष्कळ आहेत: जोडरेघ, वजाचे चिन्ह, लांब डॅश, आणि चित्रलिपीतला 'एक' हा आकडा. आडव्या ओळीत डोळ्याला फरक जेमतेम कळतो. उभ्या ओळीत मात्र दीर्घ करणारी रेघ उभी राहते आणि 'एक' आडवाच राहतो. आमच्या एका ग्राहकाने प्रदर्शनासाठी उभा फलक करून घेतला. सजावटकाराने उभ्या लिखाणाची सोय न वापरता एकेका अक्षरानंतर ओळ तोडून अक्षरे एकाखाली एक रचली. रेघा आडव्याच राहिल्या, कंपनीच्या नावात मध्येच 'एक, एक' वाचू येऊ लागले, अवतरणाचे कंसही वळले नाहीत. फलक पुन्हा छापावा लागला. तेव्हापासून उभ्या मजकुराची छपाईची फाइल आम्ही स्वतः करून देतो आणि ती उघडून फेरफार करू नका असे लिहूनच देतो.

तांत्रिक पुस्तिकांबाबत आणखी एक. 'कॉम्प्युटर', 'सर्व्हर' अशा शब्दांच्या शेवटची ही रेघ जपानी अभियंते पूर्वी गाळत. मायक्रोसॉफ्टच्या जपानी शाखेने २००८ मध्ये ती लिहायचे ठरवले आणि बऱ्याच जणांनी तीच वाट धरली, पण जुनी कागदपत्रे अजून वापरात आहेत. तुमच्या जपानी ग्राहकाची रीत कोणती, हे त्यांच्या एखाद्या जुन्या पुस्तिकेवरून आम्हाला कळते. कामाबरोबर तिची दोन पाने पाठवलीत तर पुढचे खूप खाडाखोडीचे काम वाचेल.

नावामधला ठिपका ・ म्हणजे 'नाकागुरो'. तो परदेशी नाव आणि आडनाव वेगळे करतो, शिवाय यादीतल्या शब्दांमध्येही येतो. नाव काताकानात उतरवताना आम्हाला त्याचा उच्चार हवा असतो, पासपोर्टवरची रोमन अक्षरे पुरत नाहीत. देवनागरीत लिहून द्या. ऱ्हस्व-दीर्घ आपोआप कळते.

तपासणीपत्रकातला गोल, फुली आणि बरोबरची खूण

आपल्याकडे ✓ म्हणजे बरोबर, यात शंका घ्यायचे कारण नसते. जपानी शाळेत बरोबर उत्तराला ○ मिळतो, चुकलेल्याला × किंवा चक्क ✓. कारखान्यातल्या पत्रकात 'पाहिले' एवढ्याच अर्थाने ✓ चालते, पण 'योग्य आढळले' असे सांगायचे असेल तर ○ हवा. सर्वसाधारणपणे ◎ उत्तम, ○ ठीक, △ लक्ष द्यायला हवे, × नापास. पत्रकाच्या डोक्यावर किंवा तळाशी या खुणांचा खुलासा असतो. भाषांतरात आम्ही तो ठळक करतो. भरणाऱ्या कामगाराला तेवढा भाग मोठ्याने वाचून दाखवा. अर्जात पर्याय दिलेले असतील आणि चौकट नसेल, तर योग्य शब्दाभोवती गोल करायचा असतो.

※ या खुणेने आपल्याकडे काही जणांनी ओळ रद्द केलेली समजून सोडून दिली आहे. ती 'कोमेजिरुशी', तांदळाची खूण. तांदळाच्या चित्राक्षरासारखी दिसते म्हणून हे नाव. तिचा अर्थ 'टीप'. सवलतीच्या अटी, हमीची मुदत, अपवाद हे सगळे ※ च्या मागेच असते, तेव्हा ती ओळ आधी वाचावी.

〜 ही लाट पल्ला दाखवते. ५〜१० म्हणजे पाच ते दहा. आपले अभियंते असे चिन्ह 'सुमारे' या अर्थाने वाचतात आणि तिथेच घोटाळा होतो. जपानीत 〜१० म्हणजे 'दहापर्यंत' आणि १०〜 म्हणजे 'दहापासून पुढे'. तापमानाच्या तक्त्यात ही लाट जोडरेघेने बदलू नका. उणे पाच ते पाच अंश लिहिताना वजाचे चिन्ह आणि पल्ल्याची रेघ एकमेकांत अडकतात. संगणकात या लाटेची दोन जुळी चिन्हे आहेत. दिसायला सारखी, आतला क्रमांक वेगळा. शोधूनही शब्द सापडत नसेल तर बहुधा हेच कारण.

पैसे, पत्ता, नाव

¥ आकड्याच्या आधी येतो, किंवा आकड्यानंतर 'एन'चे चित्राक्षर. दोन्ही एकदम नाही. स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर पडतो, म्हणजे आपले १,५०,००० तिथे १५०,००० होतात. पावतीवर रकमेच्या शेवटी रेघ किंवा 'नारी' हे अक्षर दिसेल. आपण '/-' आणि 'फक्त' लिहितो तेच ते. पुढे आकडा वाढवता येऊ नये म्हणून. जपानी संगणकावर फाइलच्या पत्त्यात उलट्या तिरक्या रेघेच्या जागी ¥ दिसतो, कारण १९६९ च्या जपानी संकेतप्रणालीत ती जागाच ¥ ला दिलेली होती. तो पैशाचा उल्लेख नाही.

〒 म्हणजे टपाल. १८८७ साली दळणवळण खात्याने, 'तेइशिन'ने, ही खूण घेतली. त्या नावाच्या पहिल्या अक्षरातून तिचा आकार आला असे मानतात. तिच्यापुढे पिनकोडसारखे सात आकडे, तीन, जोडरेघ, चार. १९९८ पासून ते सात आहेत. त्याआधीच्या पत्त्यात तीन किंवा पाच सापडतील. लिफाफ्याच्या पाठीमागे जोडावर 〆 असते. ती इंग्रजी एक्ससारखी दिसली तरी फुली नव्हे. 'शिमे', म्हणजे बंद केले.

सासाकी या आडनावात मधले 々 हे 'मागचे अक्षर पुन्हा' सांगणारे चिन्ह आहे. जुन्या देवनागरी हस्तलिखितांत शब्दापुढे २ घालून तो पुन्हा वाचायला लावत, तसेच. त्याला स्वतःचा उच्चार नाही. पण नावाच्या यादीत ते गाळले तर माणसाचे आडनाव बदलले.

जपानी संकेतस्थळांवरचे अर्ज 'झेन्काकु' किंवा 'हान्काकु' मागतात. पहिले म्हणजे पूर्ण रुंदीची अक्षरे, दुसरे अर्ध्या रुंदीची. आकडे बरोबर असूनही अर्ज स्वीकारला जात नसेल तर रुंदी तपासा. बँकेच्या अर्जात नाव बहुधा अर्ध्या रुंदीच्या काताकानात लागते, आणि तिथे 'ग'सारख्या अक्षरावरचे दोन टिंब वेगळी चौकट खातात. गणेश हे नाव पूर्ण रुंदीत पाच चौकटींत बसते, अर्ध्या रुंदीत सहा लागतात. एकदा बँकेत नाव ज्या रूपात गेले त्याच रूपात पगार जमा होतो, म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही दोन्ही रूपे एका कागदावर लिहून देतो. तो कागद पासपोर्टबरोबर ठेवा.

छपाईला देण्यापूर्वी

ओळीच्या सुरुवातीला 。 、 」 ー यांपैकी काही आले असेल, किंवा ओळीच्या शेवटी 「 लटकत असेल, तर मांडणी बिघडली आहे. जपानी न येणाऱ्यालाही हे नुसते बघून ओळखता येते. मजकूर इंग्रजी फॉन्टमध्ये टाकू नका. चिन्हे आकसतात किंवा त्यांच्या जागी रिकामे चौकोन येतात. आमच्या फाइलबरोबर नेहमी एक पीडीएफही असते. छापायच्या पानाशेजारी ती उघडी ठेवून फक्त चिन्हे जुळवा, एका पानाला दोन-तीन मिनिटे पुरतात. शंका आली तर पानाचा फोटो काढून पाठवा. आम्ही भाषांतर केलेल्या मजकुराचे छपाईपूर्व प्रूफ आम्ही एकदा विनामूल्य पाहून देतो, आणि ते छापखान्यात जाण्याआधी आमच्याकडे आले तर आम्हाला आनंदच होईल.